उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलांच्या हातीं कोणतीं पुस्तकें द्यावींत?

पेण व रोहें ह्यांच्या मधल्या कासू गांवाहून एका सुवार्तिक बंधूंचें पत्र आम्हांस आलें आहे. ते लिहितात कीं, त्यांच्या शब्बाथशाळेंत पहिलीपासून चौथीपर्यंतचीं चौदा मुलें आहेत. उपकारस्तुतीच्या दानांतून मंडळीनें पुस्तकांसाठीं पंधराशें रुपये काढून ठेविले आहेत. शाळा सुटली म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत मुलें कांहींच वाचीत नाहींत, तेव्हां ह्या रकमेंत काय घ्यावें? पत्राच्या शेवटीं त्यांनीं स्वतः केलेली यादी जोडली आहे. तींत एक प्रश्नोत्तरावली, परदेशी मिशनऱ्यांचीं दोन चरित्रें, दारूच्या दुष्परिणामांवरील एक पुस्तक व एक शब्दकोश आहे. यादी पाहून प्रथम आम्हांस हसूं आलें, आणि लगेच लाजही वाटली. कारण कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं अशीच यादी केली होती.

त्या वेळीं आम्ही एका लहान मंडळीचे नवे पाळक होतों. सेमिनरीतून येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि मुलांस काय पाहिजे हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे अशी आमची समजूत होती. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचीं नीतिपर पुस्तकें आणून आम्हीं एप्रिलांत तीं समारंभानें वांटलीं. जूनमध्यें परत गोळा केलीं, तों सर्व कोरीं करकरीत! मुलांनीं पुस्तकें किती जपलीं म्हणून आम्ही आनंदित झालों. तेव्हां आमच्या वृद्ध बायबलबाई म्हणाल्या, “पाळकसाहेब, हीं जपलेलीं नाहींत, हीं उघडलेलींच नाहींत.” त्या गठ्ठ्यांत दुकानदारानें भर म्हणून घातलेलें एक पातळ चित्रांचें पुस्तक होतें, एका हरवलेल्या करडाची गोष्ट. त्याचीं पानें सुटलीं होतीं, कडांवर आंब्याच्या रसाचे डाग होते, आणि मागच्या कोऱ्या पानावर कोणीं तरी कोळशानें करडूं काढलें होतें. एवढें एकच पुस्तक त्या उन्हाळ्यांत वाचलें गेलें. तें घेण्याचें मात्र आम्हीं ठरविलेलेंच नव्हतें.

तेव्हांपासून पुस्तक निवडण्याच्या कामास आम्ही हलकें समजत नाहीं. दुसरींतिसरींतील मूल नुकतेंच वाचूं लागलेलें असतें. त्याचें वाचन म्हणजे नुकती लावलेली भाताची आवणी. मुळें अजून धरलेलीं नाहींत. दीड महिना पाणी तुटलें तर तीं रोपें पिवळीं पडतात. ज्या घरांत पुस्तकें आहेत तेथें सुट्टींतही थोडें पाणी मिळतें. ज्या घरांत पंचांगापलीकडे छापील कागद नाहीं तेथें मिळत नाहीं. अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत ॲलिंग्टन व मॅकगिल-फ्रान्झेन ह्या शिक्षणशास्त्रज्ञांनीं गरीब घरच्या मुलांस लागोपाठ तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यास बारा बारा पुस्तकें दिलीं. त्याचा वृत्तांत त्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केला. ज्यांस पुस्तकें मिळालीं तीं मुलें, न मिळालेल्या मुलांच्या मानानें, वाचनांत पुढें गेलेलीं आढळलीं. ह्यांत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, तीं पुस्तकें शिक्षकांनीं नेमून दिलीं नव्हतीं. पुष्कळ पुस्तकें मांडून ठेविलीं होतीं, व मुलांनीं आपआपलीं निवडून घेतलीं होतीं.

म्हणून कासूच्या बंधूंस आमचें पहिलें सांगणें असें कीं, यादी एकट्यानें करूं नका. पेणेस जातांना दोन मुलांस बरोबर न्या. एक मुलगा व एक मुलगी. दुकानांत त्यांच्यापुढें पुस्तकें पसरूं द्या आणि आपण थोडें बाजूस उभे राहा. कोणतें पुस्तक मूल दुसऱ्यांदा हातांत घेतें एवढेंच पाहा.

परंतु मुलाची आवड व मुलाची शक्ति ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शक्ति जोखण्याची एक सोपी रीत आहे. पुस्तकाचें मधलेंच एक पान उघडून मुलास मोठ्यानें वाचण्यास सांगावें. जो शब्द अडेल त्यास एक बोट मिटावें. पान संपण्याच्या आंत पांचही बोटें मिटलीं, तर तें पुस्तक त्यानें एकट्यानें वाचण्याचें नव्हे. कोणीं तरी वाचून दाखविण्याचें आहे. एकही बोट मिटलें नाहीं तरी “हें तुझ्यासाठीं फार सोपें” म्हणून हिसकावून घेऊं नये. सोपें पुस्तक चार वेळां वाचल्यानेंच वाणी सुटते. मोठ्या माणसांसही आपल्या आवडीचें स्तोत्र पाठ असून तें पुन्हां म्हणावेसें वाटतें, मग मुलांस कां वाटूं नये?

भाषेचा प्रश्न ह्या भागांत विशेष आहे. कासूच्या पश्चिमेस खारेपाटांत घरोघरीं आगरी बोली चालते; डोंगराकडच्या वाड्यांत कातकरी बोलतात; आणि पुस्तकें बहुतेक पुण्याच्या मराठींत असतात. “मी जातें” कीं “मी जाते” ह्यावर विद्वान लोक वाद घालोत. वाडीतल्या मुलास तीं दोन्हीं परकींच. त्यास वाचतां येत नाहीं असें आपण म्हणतों तेव्हां पुष्कळदां त्यास अक्षर येत असतें, पण शब्द कळत नसतो. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांचें संस्कृत ज्ञान केवढें होतें हें सर्वांस ठाऊक आहे. तरी त्यांनीं इब्री व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें तें साध्याभोळ्या स्त्रियांस समजावें अशा मराठींत. ह्याच पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं जन्मलेले विनोबा भावे ह्यांस त्यांच्या मातोश्रींनीं संस्कृत गीता समजत नाहीं म्हणून मराठीची मागणी केली, आणि तिच्यांतून पुढें ‘गीताई’ झाली. ज्यांची विद्वत्ता मोठी ते अवघड भाषेस चिकटून बसत नाहींत. तेव्हां लहान वाक्यांचें, बोलल्यासारखें लिहिलेलें पुस्तक दिसलें तर तें हलकें समजूं नका.

आतां कोणत्या प्रकारचीं पुस्तकें असावींत? पहिलीदुसरीच्या मुलांस मोठ्या चित्रांचीं व पानावर दोन तीन ओळी असलेलीं. चित्र स्पष्ट असावें. बैल बैलासारखा दिसावा. ह्याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं. तिसरीचौथीच्या मुलांविषयीं मात्र थोडें थांबून बोललें पाहिजे, कारण येथेंच आमचीं माणसें चुकतात. त्यांस वाटतें, मूल आतां वाचूं लागलें, म्हणून त्यास उपदेश द्यावा. पण ह्या वयाच्या मुलास जगांतील वस्तूंची भूक असते. मीठ कसें पिकतें, रेल्वेचें इंजिन कशावर चालतें, खेकडा आडवा कां चालतो, साप सगळेच विषारी असतात काय, हें त्यास जाणावयाचें असतें. खाडीच्या कांठीं राहणाऱ्या मुलास पक्ष्यांचें व माशांचें पुस्तक द्या. तो तुम्हांसच चार गोष्टी शिकवील. आमच्या ओळखीचा एक मुलगा कोणतीही गोष्ट पुरी वाचीत नसे. माशांचें पुस्तक हातीं पडतांच त्यानें तें आजोबांस वाचून दाखविलें, आणि आजोबांनीं त्यांतील एक चूक काढली. त्या दिवसापासून तो वाचूं लागला, दुसरी चूक सांपडते कीं काय हें पाहण्यासाठीं.

पवित्र शास्त्रांतील गोष्टींचें एक चांगलें सचित्र पुस्तक पेटींत असलेंच पाहिजे, हें सांगणें नको. परंतु निवडतांना एक पाहावें. कांहीं पुस्तकांत गोष्ट अर्धें पान असते, व बोध दीड पान. आपल्या प्रभूनें उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली तेव्हां थोरला भाऊ शेवटीं घरांत गेला कीं नाहीं हेंही सांगितलें नाहीं. ऐकणाऱ्यांवर सोडून दिलें. ‘यात्रिकक्रमण’ हें बनियनचें पुस्तक हरि केशवजी ह्यांनीं १८४१ सालींच मराठींत आणलें. तें मुलानें एकट्यानें वाचण्याचें नव्हे, पण संध्याकाळीं अंगणांत थोडें थोडें सांगितलें तर सिंहांच्या व राक्षसाच्या प्रसंगीं मुलें श्वास रोखून ऐकतात. मुलांसाठीं गोड वाचन देणें हें आपल्या मंडळ्यांत नवें नाहीं. अमेरिकन मराठी मिशननें ‘बालबोधमेवा’ हें मुलांचें मासिक १८७२ सालीं काढलें होतें. त्याचें नांवच पाहा: बोध आहे, पण मेवाही आहे.

येथें एक शंका येते, व ती कासूच्या बंधूंनींही अस्पष्टपणें काढली आहे: जीं पुस्तकें आपल्या लोकांनीं लिहिलेलीं नाहींत, तीं ख्रिस्ती मुलांस द्यावींत काय? आमचें उत्तर, द्यावींत. सानेगुरुजींचें ‘श्यामची आई’ घ्या. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेलें हें पुस्तक १९३५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील घर हिंदु आहे, सण व व्रतें हिंदु आहेत. पण गरीब कोंकणी घरांतील आईचें प्रेम व तिची शिस्त ज्यास ओळखतां येत नाहीं त्यास पांचवी आज्ञा कशी कळणार? चौथीच्या मुलास तें वाचून दाखवावें, पुढें तो आपण होऊन वाचील. दुसरींतल्यास देऊं नये. तें त्याच्यासाठीं लांबही आहे व करुणही आहे. आणि उलट बाजूही विसरूं नये. आमच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या फुलांवरच्या व मुलांवरच्या कविता महाराष्ट्रांतील शाळांतून हिंदु घरच्या मुलांनीं पिढ्यान् पिढ्या पाठ केल्या. त्यांच्या आईबापांनीं कवीचा धर्म विचारून पान फाडलें नाहीं. मग आपण इतके भित्रे कां असावें?

नाकारण्याजोगीं पुस्तकें आहेत, पण त्यांची खूण वेगळी आहे. ज्यांत काळ्या वर्णाचें मूल हंसण्याचा विषय आहे, ज्यांत रानांत राहणारा माणूस नेहमीं चोर किंवा मूर्ख आहे, ज्यांत मुलीनें फक्त भाकरी वाढावयाची आहे, तीं पेटींत नकोत. चौदा मुलांत तीन कातकरी वाडीचीं असतील, तर असें एक पुस्तक त्या तिघांस सबंध पेटीपासून दूर करील.

त्या तिघांविषयीं आणखी. कातकरी कुटुंबें पुष्कळदां दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांस उन्हाळ्याची सुट्टी नसते. त्यांची शाळाच अर्ध्यावर तुटलेली असते. तिसरींत धडाधड वाचणारी एक मुलगी आम्हीं पाहिली होती. भट्टीवरून परत आल्यावर तिनें पुस्तक हातांत घेतलें, पहिल्या ओळीवर बोट ठेविलें, आणि बोट तेथेंच राहिलें. ती रडली नाहीं; तिनें पुस्तक मिटून आम्हांस परत दिलें व म्हणाली, “हें दुसऱ्या कोणास द्या.” पुस्तकें निवडतांना आम्ही अजून तिचा हात पाहतों. म्हणून कुटुंब भट्टीवर निघतांनाच मुलाच्या गांठोड्यांत दोन पातळ पुस्तकें बांधून द्यावींत, परत येण्याची अपेक्षा न धरितां. तीं फाटतील, हरवतील, चुलींत जातील. जाऊं द्या.

आईबापांस वाचतां येत नाहीं अशीं घरें पुष्कळ. त्यांनीं काय करावें? तीमथ्यास शास्त्राची ओळख बाळपणींच झाली, ती आजी लोईस व आई युनीके ह्यांच्या घरीं. घरांतील माणूस जवळ बसून ऐकतें एवढ्यानेंही वाचणाऱ्या मुलास बळ येतें. फिलिप्पानें कुशी षंढास रस्त्यावरून प्रश्न टाकून सोडून दिलें नाहीं. तो रथावर चढून त्याच्याशेजारीं बसला. निरक्षर आईलाही शेजारीं बसतां येतें. तिनें फक्त “पुढें काय झालें रे?” एवढें विचारावें. सुवार्तिकांनीं घरभेटीस गेल्यावर हें आयांस सांगावें. त्यांस वाटतें कीं आपल्यास येत नाहीं म्हणून आपण दूर राहिलेलें बरें.

पुस्तकें मिळण्याच्या जागा पूर्वीपेक्षां आतां अधिक आहेत. १९५७ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचीं मुलांचीं मराठी पुस्तकें स्वस्त व चांगल्या चित्रांचीं असतात. बालभारतीनें १९७१ सालीं सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचतां येतात. २०१५ सालापासून प्रथम बुक्स ह्या संस्थेनें ‘स्टोरीवीव्हर’ येथें गोष्टी मोकळ्या ठेविल्या आहेत, त्यांत मराठीही आहेत; चार पानें छापून घेऊन दोऱ्यानें शिवलीं कीं पुस्तक झालें. मूल मात्र मोबाईल घेऊन एकटें कोपऱ्यांत बसूं नये, कारण गोष्ट उघडण्यास गेलेलें बोट कोठें जाऊन थांबेल ह्याचा नेम नाहीं. शब्दकोश ह्या वर्षीं राहूं द्या. एका जाड ग्रंथाच्या किंमतींत पांच-सहा पातळ पुस्तकें येतात, आणि चौदा मुलांस अदलाबदल करण्यासाठीं पातळ पुस्तकेंच उपयोगी.

तीं ठेवावयाचीं कोठें? उपासना-मंदिराच्या कपाटांत कुलूप लावून खचित नव्हे. सातारा जिल्ह्यांतील भिलार गांवीं ४ मे २०१७ पासून गांवकऱ्यांनीं आपल्या घरांतून पुस्तकें मांडलीं आहेत. वाचणारा येतो, ओटीवर बसतो, वाचतो. तेथें सरकारचें साह्य आहे, येथें नसेल. पण एक लोखंडी पेटी व एक पडवी कासूस मिळणार नाहीं काय? ज्या घरीं दुपारीं मुलें आपोआप जमतात त्या घरीं ती ठेवावी. कोणीं कोणतें पुस्तक नेलें ह्याची नोंद चौथीच्या मुलीकडे द्यावी. फाटल्यास दंड करूं नये. खळ व जुनें कापड पेटींतच ठेवावें, म्हणजे ज्यानें फाडलें तो चिकटवील.

ह्या पत्राचें उत्तर येथेंच छापण्याचें कारण हें कीं, इतर मंडळ्यांतही एप्रिलांत हाच विचार चालू असेल. शाळा उघडल्यावर पहिल्या रविवारीं सुवार्तिक बंधूंनीं पेटी उघडून पाहावी, आणि कोणत्या पुस्तकाचीं पानें सर्वांत अधिक सुटलीं आहेत तें आम्हांस कळवावें. तें नांव आम्ही पुढील वर्षाच्या यादींत सर्वांत वर घालूं.