शैवालातील इंधन : आशा आणि हिशेब

पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर हिरवा थर चढला की पाय घसरेल या भीतीने आपण जपून चालतो. त्या थरात आढळणाऱ्या शैवालाच्या कुळातील काही सूक्ष्म जातींकडे मात्र शास्त्रज्ञ इंधनाच्या आशेने पाहत आले आहेत.

यात नवल ते काय? आपण जाळतो त्या खनिज तेलाचा बराच भाग कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म शैवालांपासून व तत्सम जीवांपासूनच बनला आहे. निसर्गाचे हे प्रदीर्घ काम मनुष्याला काही दिवसांत साधेल काय, हाच खरा प्रश्न होय.

सूर्यप्रकाश, पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांवर शैवाल झपाट्याने वाढते. काही जाती आपल्या पेशींत तेल साठवितात. त्या तेलाची मिथेनॉलशी रासायनिक क्रिया घडविली असता बायोडिझेल व ग्लिसरीन मिळते. शिवाय खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जातींना सुपीक जमीन लागत नाही. म्हणजे अन्नधान्याच्या शेतावर अतिक्रमण नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात या विषयाचा कसून अभ्यास केला. ३,००० हून अधिक वाण गोळा करून त्यांतून सुमारे ३०० निवडण्यात आले. न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेल येथे १,००० चौरस मीटरच्या उघड्या तलावांत लागवड झाली. एखाद्या दिवशी दर चौरस मीटरला ५० ग्रॅमपर्यंत पीक आले. परंतु थंडीमुळे ते सातत्याने टिकेना.

अडचणी आणखीही होत्या. नत्राची उपासमार केली की पेशीत तेल वाढते, पण पेशींची वाढ मंदावते. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले! उघड्या तलावातील लिटरभर पाण्यात बहुधा ग्रॅमभरही शैवाल नसते. ते वेगळे करणे, वाळविणे, पाणी ढवळणे, खत देणे या सर्वांना ऊर्जा लागते.

२०१७ साली नॅनोक्लोरोप्सिस या शैवालाच्या जनुकांत बदल करून, वाढ फारशी न घटविता, तेलाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांहून अधिक करण्यात संशोधकांना यश आले. तरीही या कामास पैसा पुरविणाऱ्या एक्झॉनमोबिल कंपनीने हात आखडता घेतल्याचे वृत्त २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाले.

मग हे सारे श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. कोणती वाट कोठे अडते हे नेमके कळणे, हीदेखील ज्ञानात भरच होय. मात्र नव्या इंधनाची वार्ता कानी येताच दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ते बनविण्यास ऊर्जा किती खर्ची पडली, आणि त्यातून हाती किती आली? जमेची बाजू खर्चाहून मोठी ठरेल, त्याच दिवशी शैवालाची आशा फळाला येईल.