चोवीस आणि पंचवीस : चलच्चित्राच्या गतीचे गणित

चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची माळ होय. बोलपटात दर सेकंदाला अशी २४ चित्रे पडद्यावर येतात. आपल्याकडील दूरचित्रवाणीची गती मात्र २५ ठरली. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची; त्या मेळाने ५० अर्धचित्रे घ्यावयाची आणि दोन अर्धचित्रांचे एक चित्र करावयाचे, अशी ही योजना.

एका चित्राचा फरक तो काय, असे वाटेल. पण २४ चा चित्रपट २५ ने चालविला की तो चार टक्के आधी संपतो. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) १३१ मिनिटांचा. या गतीने तो पावणेसव्वीस नव्हे, तर सुमारे पावणेएकशे सव्वीस मिनिटांत उरकतो, म्हणजे सव्वापाच मिनिटे कमी. वेळेचे सोडा, आवाजही चढतो. विष्णुपंत पागनीसांचा अभंग मूळ पट्टीहून जवळजवळ अर्धा स्वर वर जातो. पेटी घेऊन साथीला बसणाऱ्यास हे तत्काळ जाणवेल. अलीकडे संगणकाने पट्टी खाली आणता येते, तरी लय वाढलेलीच राहते.

अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तेथे सेकंदाला सुमारे ३० चित्रे. तेथे चित्रपटाचे एक चित्र दोन अर्धचित्रांपुरते, पुढचे तीन अर्धचित्रांपुरते, असे आलटून पालटून दाखवितात. स्वर शाबूत राहतो. हालचाल मात्र किंचित अडखळते.

मूकपटांची दशा याहून वाईट. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ३,७०० फुटांचा होता. एका फुटात १६ चित्रे. सेकंदाला १६ धरल्यास तो ६१ मिनिटे ४० सेकंद चालेल, २५ धरल्यास अवघी ३९ मिनिटे २८ सेकंद. जुन्या पटातील माणसे तुरुतुरु चालताना पाहून आपण हसतो. दोष त्यांच्या चालण्याचा नसतो.

हे येथे मांडण्याचे कारण घरगुती आहे. शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांच्या व्हिडिओ कॅसेट माजी विद्यार्थ्यांच्या घरी असतील. आता हयात नसलेल्या गुरुजनांचे आवाज त्यांत असू शकतात. आपल्याकडील कॅमेऱ्याने टिपलेली अशी फीत मुळातच २५ चित्रांची असते. तिच्यातील बोलणे खऱ्या गतीचे आहे. संगणकावर उतरविताना दुकानदारास गती २५ च ठेवावयास सांगावे. ३० केल्यास चित्रे पुन्हापुन्हा येऊन हालचाल अडखळते. २४ ने संथ चालविल्यास आवाज जड होतो. आणि काम झाले तरी मूळ कॅसेट टाकून देऊ नये.