पॅलेट ट्रॉली वापरताना

भिवंडीच्या गोदामांत हाताने ढकलायची पॅलेट ट्रॉली आता सर्रास दिसते. 2 ते 2.5 टन माल एकटा माणूस हलवतो, म्हणून आपण तिला खेळणे समजतो. तिला बहुधा ब्रेक नसतो, हे विसरतो. उतारावर भरलेली ट्रॉली सुटली की हमाल ती थोपवायला पुढे धावतो आणि पाय गमावून बसतो. सुटली तर सुटू द्यावी! मुळात उतारावर ती नेऊच नये. नाइलाज असेल तर माणूस वरच्या बाजूला हवा. फोर्क पॅलेटखाली पूर्ण घालावेत आणि माल जमिनीपासून सुटेल इतकाच उचलावा.

दांडा मारूनही माल चढत नसेल तर आपण लगेच पंप गेला म्हणतो. पुष्कळदा आत फक्त हवा शिरलेली असते. ट्रॉली रिकामी करून, खटका माल उतरवण्याच्या बाजूला धरून दांडा 15-20 वेळा मारावा. तरीही उचलत नसेल तर तेल पाहावे. हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेक ऑइलने रबरी सील बिघडतात. आपल्याकडे यंत्रमागाचे सूत चाकांत गुंडाळले जाते, ते दर आठवड्याला कापून काढावे. रात्री फोर्क जमिनीला टेकवून ठेवावेत, नाहीतर अंधारात कुणाची तरी नडगी फुटते.