वजाबाकीची ती एक ओळ

जिनिंग मिलच्या काटापट्ट्यांची, म्हणजे वजनाच्या पावत्यांची, यादी भलत्याच क्रमाने छापली गेली तेव्हा फोन मला आला. यादी क्रमाने लावणारा जावातला कोड माझा नव्हता, उलट त्याला विरोध मीच केला होता. तरी मिलच्या मालकांपुढे नाव माझंच घेतलं गेलं, म्हणून हे लिहितोय.

वरिष्ठांनी वजनांची तुलना एका ओळीत उरकली होती. पहिल्यातून दुसरं वजा करायचं आणि उत्तर इंटमध्ये बदलून द्यायचं. क्विंटलची वजनं दशांशात असतात. 10.0 आणि 10.6 मधला फरक इंट केला की शून्य, म्हणजे दोन्ही सारखी. 10.6 आणि 11.2 सुद्धा सारखी. पण 10.0 आणि 11.2 लहान-मोठी! मी डबल.कम्पेअर सुचवलं. ‘‘एवढ्याशासाठी कशाला?’’ असं उत्तर मिळालं.

चाचणीत पाच-दहा पट्ट्या होत्या, वजनंही लांबलांबची. जावा 7 पासून (2011) वस्तूंच्या यादीला टिमसॉर्ट लागतो. 32 पेक्षा कमी घटक असले तर तो सरळ इन्सर्शन सॉर्ट करतो, आणि नियम मोडणारी तुलना तिथे पकडली जात नाही. ऐन हंगामात पट्ट्या शेकड्यांत गेल्या. आधी यादी चुकली, मग प्रोग्रॅमच थांबला. तुलनेची पद्धत करार मोडते, असा संदेश पडद्यावर होता. वाचताक्षणी कळलं, हीच ती ओळ. वरिष्ठ मात्र मालकांना सांगत होते, ‘‘जावातच बग आहे, आणि पोराने नीट तपासलं नाही.’’ हे मी विसरणार नाही.

तेव्हा तुलनेचा नियम आणि क्रमवारीचा कोड वेगळे ठेवा. वजन, तारीख, गाव यांसाठी तोच सॉर्ट तीनदा लिहू नका. प्रत्येकाचा कम्पॅरेटर करा आणि देन-कम्पेअरिंगने जोडा. जावा 8 पासून (2014) ते सोपं आहे. लिस्टचा सॉर्ट स्थिर असतो, म्हणून नुसत्या गावाने लावल्या तर एकाच गावच्या पट्ट्या आल्या त्या क्रमाने राहतात. चाचणीची यादी शेकड्यांत असू द्या, जवळजवळची वजनंही त्यात घाला.

गावांच्या नावांचं वेगळंच. साध्या कम्पेअर-टूने कळंब कवठ्याच्या आधी येतं, कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. त्यासाठी रूल-बेस्ड कोलेटरला आपले नियम द्यावे लागतात.

आणि आक्षेप ईमेलवर नोंदवा. माझा होता, म्हणून मालकांना तारखेसकट दाखवता आला.