आपले नाक आणि गंधाची जनुके



एकाच ताटातील कोथिंबीर एकाला खमंग वाटते, तर दुसऱ्याला तिचा साबणासारखा वास येतो. आपण त्याला 'नखरे करू नकोस' असे म्हणून गप्प बसवतो. परंतु तो खोटे बोलत नसतो. असे का होते, ते समजून घेऊ या.

वास म्हणजे पदार्थातून हवेत उडालेले सूक्ष्म रेणू. श्वासाबरोबर ते नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या भागात पोहोचतात. तेथे लक्षावधी चेतापेशी असून त्यांच्या टोकांवर गंधग्राहक प्रथिने असतात. रेणू ग्राहकाला जुळला की पेशीत विद्युतसंदेश निर्माण होऊन मेंदूकडे जातो.

हे ग्राहक कसे घडवायचे, याची माहिती जनुकांत असते. ही जनुके अमेरिकेतील लिंडा बक व रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ साली उंदरांमध्ये शोधली. या कार्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० जनुके कार्यक्षम आहेत. त्याहूनही अधिक निकामी झालेली आहेत. उंदरात मात्र हजाराहून अधिक कार्यक्षम आहेत.

मग ४०० ग्राहकांवर हजारो वास कसे ओळखता येतात? मोजक्या मुळाक्षरांतून असंख्य शब्द होतात, तसेच हे आहे. एक वास अनेक ग्राहकांना जागे करतो आणि एक ग्राहक अनेक वासांना प्रतिसाद देतो. त्यांच्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो.

ही जनुके सर्वांची तंतोतंत सारखी नसतात. घामातील अँड्रोस्टेनोन हा पदार्थ कोणाला गोडसर वाटतो, कोणाला लघवीसारखा, तर कोणाला त्याचा वासच येत नाही. 'ओआर ७ डी ४' या जनुकातील फरक हे त्याचे एक कारण असल्याचे २००७ साली दिसून आले. कोथिंबिरीच्या साबणी वासाचा संबंधही २०१२ साली ११ व्या गुणसूत्रावरील गंधजनुकांशी आढळला. अर्थात सवयीचाही त्यात वाटा असतो.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत अनेकांचा वास गेला, तेव्हा या इंद्रियाचे मोल सर्वांना कळले. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. म्हणून घरात एकालाच गॅसचा वास आला, तरी 'आम्हाला नाही येत' असे म्हणून त्याला खोटे पाडू नका. विजेचे बटण न दाबता आधी शेगडी व सिलिंडर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा.

आपल्या नाकाला कळत नाही ते नाहीच, असे मानणे हे अज्ञान होय.