कंपनीने इंटरनेटचे पैसे थांबवले. आता कोणते कनेक्शन घ्यावे?

प्रश्न : घरून काम करते. ३०० एमबीपीएसच्या फायबर कनेक्शनचे बिल आजवर कंपनी भरत होती. पुढच्या महिन्यापासून ते मला भरावे लागेल. स्वस्त सेवा घ्यावी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जरूर घ्या, पण घाई करू नका. आधी जुने कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते बिलावर पाहा. कंपनीच्या नावावर असेल तर ते बंद करण्याचा अर्ज कंपनीनेच करायला हवा. भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर बहुधा सेवा देणाऱ्याचे असतात. परत करताना पोचपावती घ्या, म्हणजे अनामत रक्कम अडकणार नाही.

वेगाचे म्हणाल, तर एका व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात. चौघांच्या घरात १०० एमबीपीएस भरपूर झाले. मात्र अपलोडचा वेग विचारून घ्या. कॉलवर तुमचा आवाज तुटतो तो बरेचदा त्यापायी.

जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी चढतो. ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही मासिक डेटा मर्यादा असू शकते, ती ओलांडली की वेग घसरतो. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. पहिला महिना वापरून पाहा. आपल्या इमारतीत कोणाची सेवा बिघडली की लवकर दुरुस्त होते, हे शेजाऱ्यांना विचारा.

मोबाइल नंबरसारखी पोर्टिंगची सोय इथे नाही. म्हणून नवे कनेक्शन नीट चालू झाल्यावरच जुने तोडा. आठवडाभराचे दुहेरी भाडे परवडेल, कामाचा खोळंबा परवडणार नाही.