गाडी मुलाची, आरसी बापाची

प्रवेशाच्या याद्या लागल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो : कॉलेजला जाताना मुलाबरोबर गाडी द्यावी का? बहुतेक पालक पेट्रोलचा आणि हप्त्याचा हिशेब मांडून विचारतात. मी वकील म्हणून मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करतो, त्यामुळे माझा हिशेब दुसऱ्या टोकाने सुरू होतो. गाडी कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्षात ती कोण कोण चालवणार आहे, हे मी आधी विचारतो. या वेळची पत्रं त्याच दृष्टीने निवडली आहेत.

शंका : मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. कॉलेज शिवाजीनगर भागात, खोली तिथून चालत पंधरा मिनिटांवर. मी नवी गाडी घेतोय. २०१९ ची जुनी पेट्रोल गाडी एक्स्चेंजमध्ये देऊन फारसं काही हाती लागत नाही, म्हणून ती त्यालाच द्यावी असा विचार आहे. शनिवार-रविवार घरी येता येईल. नोव्हेंबरमध्ये त्याला १८ पूर्ण होतील. गाडी उत्तम चालवतो, गेली दोन वर्षं मळ्यापर्यंत तोच नेतो.
– एक पालक, कराड

समाधान : तुमच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली, तेव्हा तिथूनच सुरू करतो. नोव्हेंबरपर्यंत तुमचा मुलगा कायद्याने अल्पवयीन आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला न सांगता नेली’ हे सिद्ध करण्याचा भारही पालकावरच असतो. मळ्याकडे जाणारा रस्ता गावचा असला तरी तो सार्वजनिक रस्ताच आहे. ते आजपासून थांबवा, ही माझी कळकळीची विनंती.

कैद आणि दंड बाजूला ठेवले, तरी खरा भार नुकसानभरपाईचा असतो आणि त्याचा आकडा पालकांच्या डोळ्यांसमोर कधीच नसतो. म्हणून एक उदाहरण मांडतो. समजा, या गाडीच्या धडकेत २८ वर्षांचा, महिना २५ हजार कमावणारा, स्वतःचा छोटा धंदा असलेला माणूस गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचं उत्पन्न ३ लाख. पुढे उत्पन्न वाढलं असतं म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, ४ लाख २० हजार झाले. त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचा, राहिले ३ लाख १५ हजार. त्या वयाला १७ हा गुणक लागतो. रक्कम झाली ५३ लाख ५५ हजार. क्रियाकर्म वगैरेचे पैसे आणि व्याज वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली ही रीत आहे आणि न्यायाधिकरणात रोज याच रीतीने आकडे मांडले जातात.

थर्ड पार्टी विमा असेल तर हे पैसे कंपनी भरते, आणि भरलेच पाहिजेत. पण चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसेल तर ‘आधी भरा, मग वसूल करा’ असा आदेश होऊ शकतो. म्हणजे मयताच्या कुटुंबाला पैसे मिळतात आणि नंतर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करायला येते. आरसीवर नाव तुमचं आहे. वसुलीची नोटीस कराडच्या पत्त्यावर येईल, मुलाच्या पुण्यातल्या खोलीवर नाही. अशा नोटिशीपायी घरावर बोजा चढलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतला कोणीही बेफिकीर माणूस नव्हता.

नोव्हेंबरनंतरचं बोलू. १८ पूर्ण झाल्यावर लर्निंग लायसन्स, त्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा. म्हणजे डिसेंबर नाहीतर जानेवारी उजाडला. तोवर पहिलं सत्र संपत आलेलं असतं आणि खोली चालत पंधरा मिनिटांवर आहे. मग गाडी आठवडाभर उभी कुठे राहणार? वसतिगृहं शक्यतो चारचाकीला जागा देत नाहीत, आणि भाडेकरू विद्यार्थ्याला सोसायटीत पार्किंग मिळणं अवघड. उरतो रस्ता. तिथे बऱ्याच गल्ल्यांत पी-१, पी-२ चे फलक आहेत, म्हणजे तारखेप्रमाणे गाडी या बाजूची त्या बाजूला लावायची. परीक्षेच्या सकाळी हे कोणाच्या लक्षात राहणार? ई-चलानचा मेसेज येईल तुमच्या मोबाइलवर.

घरी येण्याचं म्हणाल तर कराड-पुणे जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. वीस लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांच्या वर, शिवाय तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूरचे टोल. त्यापेक्षा कराडला एसटीत बसला तर तो स्वारगेटला उतरेल. २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेट मेट्रोने जोडलं गेलंय, तिथून शिवाजीनगर सरळ एका गाडीत. खर्चाहूनही मला काळजी आहे ती शुक्रवार संध्याकाळच्या महामार्गाची. उसाचा हंगाम असतो, मागे लाइट नसलेल्या ट्रॉल्या चाललेल्या असतात, आणि खंबाटकीच्या घाटात नवखा मुलगा एकटा गाडी चालवत असतो.

तेव्हा पहिल्या वर्षी गाडी देऊ नका. जुनी गाडी एक्स्चेंजमध्येच द्या. तिचा नो क्लेम बोनस गाडीला नसतो, तुम्हाला असतो. कंपनीकडून तसं पत्र घेतलंत की नव्या गाडीच्या विम्यात त्याचा फायदा मिळेल. मुलाचं लर्निंग लायसन्स झालं की सुट्टीत तुम्ही शेजारी बसून त्याला चालवायला द्या. दिवसा, रात्री, पावसात, घाटात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाडीची खरंच गरज दिसली तर तेव्हा जी गाडी द्याल ती फॉर्म २९ आणि ३० भरून त्याच्या नावावर करा आणि १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवा. त्यामागचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

शंका : मी तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या नावावरची गाडी माझ्याकडे असते. मजल्यावर गाडी असलेला मी एकटाच, त्यामुळे सगळेच मागतात. गेल्या महिन्यात एक मित्र लोणावळ्याला घेऊन गेला, येताना बंपर फोडून आणला. पैसे दिले त्याने, पण मला आता भीती वाटते. नाही म्हणणंही जमत नाही.
– एक विद्यार्थी, पुणे

समाधान : तुला भीती वाटली हे चांगलं झालं. ती कशाची वाटायला हवी, तेवढं सांगतो.

मित्राकडे चारचाकीचं लायसन्स आहे का, हे तू पाहिलं होतंस का? लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी दिली, तर चालवणाऱ्यावर वेगळी आणि देणाऱ्यावर वेगळी कारवाई होते. देणाऱ्यासाठी कलम १८० आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. आणि अपघात झाला, तर वर कराडच्या पालकांना सांगितलेली वसुली तुझ्या बाबांच्या मागे लागेल.

दुसरी गोष्ट वकिलांखेरीज फारशी कोणाला माहीत नसते, म्हणून नीट वाच. गाडी उसनी घेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने मालकाच्या जागी येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका उसन्या मोटरसायकलच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. चालवणारा त्या अपघातात गेला होता. कुटुंबाने ज्या मोटरसायकलवर तो होता तिच्याच मालकाकडे आणि विमा कंपनीकडे दावा लावला. तो टिकला नाही, पॉलिसीत वैयक्तिक अपघातासाठी ठरलेले एक लाख तेवढे मिळाले. थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या इतरांसाठी असतो. त्याच गाडीचं स्टिअरिंग हातात असलेल्याला त्यातून काही मिळत नाही. समोरच्या वाहनाची चूक असेल तर त्याच्यावर दावा करता येतो, पण गाडी स्वतःहून दुभाजकावर चढली तर तुझ्या मित्राच्या आई-वडिलांच्या हाती जवळजवळ काहीच लागणार नाही.

हीच गोष्ट तुलाही लागू आहे. पॉलिसीतला १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा नोंदणीकृत मालकाचा असतो, म्हणजे बाबांचा. रोज गाडी चालवतोस तू आणि संरक्षण आहे त्यांना. बाबांशी आज फोनवर बोल. एकतर गाडी तुझ्या नावावर करून घ्या, नाहीतर तुझ्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. तिचा हप्ता गाडीच्या विम्यापुढे किरकोळ असतो.

नाही कसं म्हणायचं, तेही सांगतो. ‘गाडी बाबांच्या नावावर आहे, विम्यात तू बसत नाहीस’ एवढंच म्हण. ते शब्दशः खरं आहे. कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल किंवा पहाटेची गाडी पकडायची असेल, तर स्वतः चालव, चावी हातची सोडू नकोस. अगदीच द्यायची वेळ आली, तर त्याच्याच मोबाइलवर डिजिलॉकर उघडायला लावून लायसन्स बघ आणि त्यावर एलएमव्ही आहे का ते बघ. पाठवलेला फोटो चालवून घेऊ नकोस. आणि किलोमीटरमागे दर ठरवून गाडी कधीही देऊ नकोस. खासगी गाडी भाड्याने दिली की स्वतःच्या नुकसानीचा दावासुद्धा कंपनी नाकारू शकते.

शंका : गाडी आठवडेच्या आठवडे कॉलेजच्या गेटबाहेर उभीच असते. परीक्षेपर्यंत विमा नाही भरला तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

समाधान : नाही. रस्त्यावर उभ्या गाडीलाही थर्ड पार्टी विमा लागतोच. मुदत संपून ९० दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. मुळात इतके दिवस उभी राहत असेल, तर ती घरी पाठवून द्या.

शंका : मुलगी पुण्यात पाच वर्षांचा लॉ कोर्स करते. गोव्याच्या नंबरची गाडी नेली तर पोलीस अडवतील का? महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागेल का?
– एक पालक, म्हापसा

समाधान : दुसऱ्या राज्याची गाडी आहे एवढ्यावरून कोणी दंड करू शकत नाही. कायद्याने बारा महिन्यांची मुभा आहे. त्याहून जास्त काळ गाडी महाराष्ट्रात राहणार असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी म्हापशाच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला, मग पुण्यात फॉर्म २७ आणि गाडीच्या वयाप्रमाणे इथला टॅक्स. गोव्यात आगाऊ भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज तुम्हालाच मागे लागून करावा लागेल. गाडी राज्यात कधी आली हे दाखवायला फास्टॅगचं स्टेटमेंट जपून ठेवा. तुम्ही सरकारी नोकरीत असाल, किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीत असाल, तर बीएच मालिकेच्या नंबरचं विचारून पाहा. मग राज्य बदलल्यावर पुन्हा नोंदणी लागत नाही. पाच वर्षांचा कोर्स आहे, त्यामुळे हे पहिल्याच वर्षात उरकून घ्या.

शंका : लहानपणी अपघातात माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. जयपूर फूट वापरतो. एम.एस्सी.साठी विद्यापीठात जातो आहे, आवार मोठं आहे, बसमध्ये चढताना त्रास होतो. घरचे म्हणतात गाडी घे, पण मला ती चैन वाटते. शिवाय मला लायसन्स मिळेल का?
– एक विद्यार्थी, अहिल्यानगर

समाधान : घ्या. ही चैन नाही. बसच्या दारात रोज धडपडून वर्गात पोचायच्या आधीच थकून जाण्यात शहाणपण कसलं? आजच्या पत्रांत मनापासून ‘हो’ म्हणावं असं तुमचंच पत्र आहे.

लायसन्स मिळतं. तुम्हाला चालवता येईल असे बदल केलेल्या वाहनासाठी ते देण्याची तरतूद कायद्यात आहे. तुम्ही उजव्या पायाबद्दल लिहिलंय, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोन्हींचा प्रश्न आहे. ऑटोमॅटिक गाडी घ्या आणि हे दोन्ही हाताने चालवता येतील असा लिव्हर बसवून घ्या. डावीकडे ॲक्सिलरेटर बसवायचाही पर्याय असतो. दोन्ही प्रकार बसून पाहिल्याशिवाय ठरवू नका. कृत्रिम पाय घालून नेहमीच्या पेडलवर चालवायचा प्रयत्न मात्र करू नका. पाय पेडलवर नेमका किती दाबला गेलाय, हे त्यातून कळत नाही.

बदल करण्याआधी आरटीओची परवानगी घ्या आणि बदलाची नोंद आरसीवर करून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद आणा. नोंद नसलेला बदल दाव्याच्या वेळी हमखास अंगाशी येतो. अपंगांसाठी बदललेल्या वाहनाच्या हप्त्यात काही सवलत आहे का, तेही त्याच वेळी विचारा. गाडी आणि विमा दोन्ही तुमच्याच नावावर असू द्या.

पार्किंगसाठी गेटवरच्या रखवालदाराशी हुज्जत घालू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ प्रमाणे शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांवर आवार आणि सोयी सुगम ठेवण्याची आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी आहे. कुलसचिवांच्या नावे अर्ज करा. त्यात कलमाचा उल्लेख करा, तुमच्या विभागाच्या इमारतीचं नाव लिहा, दारापासून किती अंतरावर जागा हवी ते लिहा, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि पोच घेताना आवक क्रमांक टाकून घ्या. सत्र सुरू व्हायच्या आधीच अर्ज द्या, म्हणजे पहिल्या दिवशी जागा आखलेली असेल.